वाचकांचे प्रश्न : मियामोतो मुसाशीचा मान कशात होता?

मागील अंकात जपानमधील रोनिनांवर, म्हणजे धनी नसलेल्या सामुराईंवर, लेख आला होता आणि त्यात मियामोतो मुसाशी या फिरस्त्या तलवारबाजाचा उल्लेख होता. त्याच्या स्वभावाविषयी आणि कडक नियमांविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न येथे घेतले आहेत. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर मुसाशीचा जन्म 1584 च्या सुमारास झाला. तेराव्या वर्षी पहिली लढत जिंकल्याचे आणि तिशीच्या आत साठांहून अधिक लढती करूनही एकदाही न हरल्याचे तो स्वतः सांगतो. उतारवयात त्याने ‘गोरिन नो शो’ हा पाच भागांचा ग्रंथ लिहिला आणि 1645 साली क्यूशू बेटावरील कुमामोतो येथे तो वारला. आपल्याकडे त्या वर्षी शिवाजी महाराज पंधरा वर्षांचे होते.

प्रश्न : मुसाशी सासाकी कोजिरोशी लढायला मुद्दाम उशिरा गेला, वल्ह्यापासून तासलेल्या लाकडी तलवारीने त्याला मारले आणि लगेच होडीत बसून निघून गेला, असे मी वाचले आहे. अशा माणसाला मानी आणि तत्त्वनिष्ठ कसे म्हणता येईल? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : आपण वाचलेली हकीकत सर्वांत प्रसिद्ध आहे, पण ती सर्वांत जुनी नाही. ही लढत 1612 साली होन्शू आणि क्यूशू यांच्यामधील सामुद्रधुनीतल्या एका छोट्या बेटावर झाली, असे सामान्यतः मानले जाते. वाट पाहून संतापलेला कोजिरो, म्यान समुद्रात भिरकावणे, त्यावर मुसाशीने ‘तू आताच हरलास’ असे म्हणणे, हा सगळा प्रसंग ज्या चरित्रामुळे लोकांच्या तोंडी बसला ते चरित्र 1776 सालचे आहे. लढतीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, मुसाशीच्या शिष्यपरंपरेत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींवरून ते तयार झाले.

त्याहून जुना पुरावा दगडावर कोरलेला आहे. मुसाशीचा दत्तक मुलगा इओरी याने 1654 साली, म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, कोकुरा येथे स्मारकशिला उभारली. तिच्यावरील मजकुरात दोघे एकाच वेळी समोरासमोर आले, कोजिरोच्या हाती तीन शाकू, म्हणजे सुमारे 91 सेंमी लांबीची खरी तलवार होती आणि मुसाशीने लाकडी तलवारीच्या एका घावात त्याला संपवले, एवढेच म्हटले आहे. तेथे उशिराचा उल्लेख नाही. अर्थात ही शिला मुलाने बापाच्या गौरवासाठी उभारलेली आहे आणि अशा जागी बापाला कमीपणा आणणारी गोष्ट कोणी कोरत नाही, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

तिसरी हकीकत मुसाशीला सर्वांत अडचणीची आहे, म्हणून तिच्याजवळ जरा थांबावे लागेल. सामुद्रधुनीच्या काठी मोजी येथे होसोकावा घराण्याचा किल्ला होता आणि तो नुमाता नावाच्या सरदाराच्या ताब्यात होता. या नुमाता घराण्याच्या 1672 च्या दप्तरात असे नोंदले आहे की, कोणाचा गुरू श्रेष्ठ यावरून दोघांच्या शिष्यांत वाद पेटला, त्यातून लढत ठरली आणि दोन्ही बाजूंनी एकही शिष्य बेटावर आणायचा नाही असा शब्द दिला गेला. कोजिरोने शब्द पाळला. मुसाशीचे शिष्य मात्र आधीच येऊन लपून बसले होते. मुसाशीच्या घावाने कोजिरो पडला, पण थोड्या वेळाने तो शुद्धीवर आला, आणि तेव्हा या शिष्यांनी मिळून त्याला मारून टाकले. बातमी कळताच कोजिरोचे शिष्य सूड घ्यायला बेटाकडे धावले. मुसाशीने मोजीच्या किल्ल्यात आसरा मागितला आणि पुढे बंदूकधारी पहाऱ्यात त्याला बुंगो प्रांतात त्याच्या वडिलांकडे पोचवण्यात आले.

नुमाता घराण्याला मुसाशीला बदनाम करण्याचे कारण दिसत नाही. उलट या नोंदीत त्यांनी त्याला वाचवल्याची कामगिरी मांडली आहे. म्हणून मला तरी ही नोंद बाजूला सारता येत नाही. शिष्यांना मुसाशीने बोलावले होते की ते आपणहून आले, हे त्यात स्पष्ट नाही. त्याने बोलावले असेल तर त्याने शब्द मोडला, आणि जपानी असो वा मराठी, कोणत्याही माणसाच्या दृष्टीने तो दोषच आहे. याच्या जोडीला आणखी एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. ‘गोरिन नो शो’मध्ये मुसाशी आपल्या तरुणपणच्या लढतींविषयी लिहितो, दोन प्रतिस्पर्ध्यांची नावेही घेतो, पण कोजिरोचे नाव संपूर्ण ग्रंथात एकदाही येत नाही. आयुष्यातली सर्वांत गाजलेली लढत माणूस गाळतो, तेव्हा ती त्याला तितकी मोठी वाटली नसेल किंवा ती आठवण त्याला नको असेल.

उशिराचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तेथे मी मुसाशीला दोष देणार नाही. समजा, तो खरोखरच उशिरा गेला असेल, तरी ते त्याच्या शिकवणीच्या विरुद्ध नाही. ग्रंथाच्या अग्नी या भागात तो उघडपणे सांगतो की, सूर्य पाठीशी घ्यावा, ते शक्य नसेल तर उजव्या हाताला ठेवावा, थोडीशी का होईना पण उंच जागा धरावी, शत्रूला अडथळ्याकडे रेटत न्यावे, त्याला चीड आणावी, घाबरवावे, त्याच्या मनाचा तोल जाईल असे करावे. हे त्याने कोणापासून लपवले नाही. लढाई ही दोन शरीरांइतकीच दोन मनांचीही असते, असे तो मानतो. आपल्या मनातील मानाची कल्पना बहुधा ‘दोघांना समान संधी’ या खेळाच्या मैदानावरील नियमाची आहे. मुसाशीला तो नियम मान्य नव्हता आणि मान्य असल्याचा देखावाही त्याने कधी केला नाही.

प्रश्न : सामुराईंची ‘बुशिदो’ नावाची लेखी आचारसंहिता होती आणि मुसाशी तिचा आदर्श होता, असे आम्ही शाळेत मुलांना सांगत आलो. हे बरोबर आहे का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : मुसाशीच्या काळात सर्व सामुराईंना बांधणारी अशी एक लेखी संहिता नव्हती. प्रत्येक घराण्याचे आपापले नियम असत, राज्यकर्त्यांचे कायदे असत आणि योद्ध्यांत रूढ असलेली समज असे. आज ‘बुशिदो’ म्हणून जगभर जे सांगितले जाते, त्याचा बराच भाग नंतर लढाया थांबल्यावर घडला, आणि त्याचे बाहेरच्या जगाला ओळखीचे झालेले रूप तर 1900 च्या सुमाराचे, जपान पाश्चात्त्यांना आपली ओळख करून देत असतानाचे आहे.

मुसाशी याच बदलाच्या सांध्यावर उभा आहे. 1600 साली सेकिगाहाराची लढाई झाली, तोकुगावा घराण्याची सत्ता पक्की झाली, हरलेल्या पक्षाच्या सरदारांच्या जहागिऱ्या गेल्या आणि त्यांच्या पदरचे असंख्य योद्धे उघड्यावर पडले. त्यांना दुसरे काम येत नव्हते. कौशल्य सिद्ध करण्यासाठी प्रांतोप्रांती फिरणे, तेथील नावाजलेल्या तलवारबाजांना आव्हान देणे आणि नाव झाले की एखाद्या सरदाराच्या पदरी लागणे, हा त्यांच्यापैकी काहींचा मार्ग होता. म्हणून फिरस्ता तलवारबाज म्हटला की जो निःस्वार्थ, निरिच्छ भटक्या डोळ्यांसमोर येतो, तो सर्वसाधारण नमुना नव्हता. पुष्कळजण नोकरीच्या शोधात होते.

आता मृत्यूचा मुद्दा पाहू, कारण आपण मुलांना बहुधा तोच सांगितला असेल. अठराव्या शतकाच्या आरंभी, शंभर वर्षांच्या शांततेनंतर, एका सामुराईच्या तोंडून आलेले वचन फार प्रसिद्ध झाले, की योद्ध्याचा मार्ग मृत्यूत सापडतो. मुसाशीचे म्हणणे जवळजवळ याच्या उलट आहे. ग्रंथाच्या पहिल्याच भागात तो लिहितो की, मरणाची तयारी ही काही केवळ योद्ध्याची मिरास नाही. भिक्षू, स्त्रिया, शेतकरी आणि त्याहून खालचे मानले गेलेले लोकसुद्धा कर्तव्यासाठी किंवा लाजेपोटी प्राण देतात. मग योद्ध्याचे वेगळेपण कशात आहे? प्रत्येक बाबतीत दुसऱ्यावर मात करण्यात, एकाशी लढताना आणि अनेकांशी लढताना जिंकण्यात, आणि त्यातून धन्याचे व आपले नाव राखण्यात. ज्याने खरोखर मृत्यू जवळून पाहिला तो मृत्यूचे कौतुक करत नाही, ही गोष्ट मला त्याच्या लेखनात सर्वांत मोलाची वाटते. त्या संदर्भात तो आणखी एक वाक्य लिहितो आणि त्याचा सारा कडकपणा त्यात उतरला आहे : प्राण द्यायची वेळ आली, तर जवळ असलेले प्रत्येक शस्त्र उपयोगात आणलेले असावे, एखादे शस्त्र कमरेलाच अडकलेले असताना मरणे त्याला मान्य नाही.

प्रश्न : मी मर्दानी खेळाच्या आखाड्यात मुले शिकवतो. आमच्याकडे एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात ढाल किंवा दोन्ही हातांत पट्टे अशी सवय आहे. मुसाशी दोन तलवारी का वापरत असे? आणि माणसांचे जीव घेणाऱ्या लढतीत लाकडी तलवार कशाला? (वस्ताद, कोल्हापूर)

उत्तर : आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण मुसाशीने याचे उत्तर एका वस्तादाने दुसऱ्याला द्यावे तसे दिले आहे. सामुराईच्या कमरेला मोठी आणि छोटी अशा दोन तलवारी असत, पण बहुतेक पंथांत मोठी तलवार दोन्ही हातांनी धरत. मुसाशीचे म्हणणे असे की, घोड्यावर असताना, पळताना, चिखलात, पाणथळ शेतात, दगडधोंड्यांच्या वाटेवर, गर्दीत किंवा डाव्या हातात धनुष्य वा भाला असताना दोन्ही हात मोकळे सापडत नाहीत. म्हणून तलवार एका हाताने चालवता आली पाहिजे. दोन तलवारी घेऊन सराव करायचा तो मुख्यतः यासाठी. सुरुवातीला मोठी तलवार एका हाताला जड जाते, पण कोणतेही शस्त्र सुरुवातीला जडच वाटते, धनुष्य ओढणेही सवयीनेच जमते, असे तो धीर देतो. प्रत्यक्ष ज्या लढतींची वर्णने टिकली आहेत त्यांत त्याने दोन तलवारी वापरल्याचे फारसे दिसत नाही. जेथे एका हाताने भागत नाही, तेथे दोन्ही हात लावावेत, असेही तो सरळ सांगतो. एकाच शस्त्राचा लळा लागू देऊ नये, आवडीनिवडी ठेवू नयेत, हे त्याचे आवडते सूत्र आहे. आपल्याकडे पट्ट्याला मूठ आणि हातभर पोलादी आवरण एकत्र असते, त्यामुळे मनगट वळत नाही आणि घाव खांद्यातून व कमरेतून येतो. मुसाशीची पद्धत मनगटाला मोकळे ठेवणारी आहे, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना मी करणार नाही.

लाकडी तलवारीला खेळणे समजू नये. टणक लाकडाची जड तलवार डोक्यावर बसली तर कवटी फुटते, ती मोडत नाही, तिची धार बोथट होत नाही आणि तिची लांबी आपल्याला हवी तेवढी ठेवता येते. कोजिरोच्या लांब तलवारीपुढे ही शेवटची बाब महत्त्वाची ठरली असणार. मुसाशीने त्या लढतीतल्या तलवारीसारखी म्हणून पुढे तासलेली एक लाकडी तलवार मात्सुई घराण्याच्या संग्रहात जपलेली आहे आणि ती सुमारे सव्वा मीटर लांब आहे. वल्ह्याची गोष्ट मात्र मी वर म्हटलेल्या 1776 सालच्या चरित्रातली आहे.

प्रश्न : क्योतोच्या योशिओका घराण्याशी झालेल्या तिसऱ्या लढतीत मुसाशीने एका लहान मुलाला ठार केले, हे खरे आहे का? (ठाणे)

उत्तर : एकविसाव्या वर्षी मुसाशी राजधानीत आला आणि कोकुऱ्याच्या शिलेनुसार त्याने तलवारीच्या या प्रतिष्ठित घराण्याला आव्हान दिले. थोरला सेइजुरो एका घावात कोसळला, शिष्यांनी त्याला फळीवर घालून नेले, तो बरा झाला, पण त्याने तलवार सोडली आणि मुंडन केले. धाकटा देन्शिचिरो पाच शाकूंची लाकडी तलवार घेऊन आला आणि तीच हिसकावून मुसाशीने त्याला मारले. मग त्याच घराण्यातील माताशिचिरोच्या नावाने इचिजोजी येथील पाइन वृक्षाजवळ लढत ठरली आणि शिष्यांचा मोठा जमाव धनुष्यबाणांसह त्याच्यावर टपून बसला, तो त्याने एकट्याने उधळून लावला. माताशिचिरो बालक असल्याचे या शिलेवर लिहिलेले नाही. तो बालक म्हणून ठसला तो पुढच्या कथांमुळे.

योशिओका पक्षाचीही बाजू आहे. 1684 साली आलेल्या त्यांच्या वृत्तान्तात एकच लढत झाली, तीत मुसाशीच्या कपाळाला लागून रक्त वाहिले आणि ती बरोबरीची की योशिओकांच्या विजयाची यावर पाहणाऱ्यांत दुमत झाले, असे म्हटले आहे. पुढे ठरलेल्या दुसऱ्या लढतीला मुसाशी आलाच नाही, असाही त्यात दावा आहे. म्हणजे ‘एकदाही हरला नाही’ ही गोष्ट मुख्यतः मुसाशीच्या आणि त्याच्या माणसांच्या तोंडची आहे, एवढे भान आपण ठेवावे. समोर मूल असेल आणि त्याच्या नावाखाली शेकडो माणसे शस्त्रे घेऊन उभी असतील, तर पहिला दोष त्या मुलाला पुढे करणाऱ्यांचा आहे, असे माझे मत आहे. पण म्हणून त्याला मारणाऱ्याचा दोष नाहीसा होत नाही.

याच लढतीच्या वाटेवरचा एक प्रसंग परंपरेत सांगतात. वाटेत देऊळ लागले, मुसाशी प्रार्थनेसाठी घंटेच्या दोरीपर्यंत गेला आणि हात मागे घेतला. एरवी ज्या देवाला आपण कधी साकडे घातले नाही, त्याला संकटात हाक मारायची लाज त्याला वाटली. प्रसंग घडला असेल किंवा नसेल, पण त्याने अखेरच्या दिवसांत लिहिलेल्या नियमांत ‘देव आणि बुद्ध यांना मान द्यावा, त्यांच्यावर विसंबू नये’ असा नियम आहे.

प्रश्न : मुसाशीचे ओत्सू नावाच्या मुलीवर प्रेम होते ना? (न्यू जर्सी)

उत्तर : नाही. ओत्सू हे 1935 ते 1939 या काळात एका जपानी दैनिकात क्रमशः आलेल्या कादंबरीतले पात्र आहे. त्या कादंबरीने आणि तिच्यावरून निघालेल्या चित्रपटांनी मुसाशीची आजची प्रतिमा घडवली.

प्रश्न : त्याने लग्न केले नाही, कायमची चाकरी पत्करली नाही, घर केले नाही. हा करारीपणा होता की माणसांविषयीचा कोरडेपणा? (बेळगाव)

उत्तर : आपला प्रश्न सर्वांत कठीण आहे आणि मुसाशीच्या स्वभावाच्या गाभ्यापर्यंत जाणारा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

1640 साली कुमामोतोचे अधिपती होसोकावा तादातोशी यांनी त्याला बोलावले. तेव्हा मुसाशीने त्यांच्या एका अधिकाऱ्याला लिहून दिलेले निवेदन उपलब्ध आहे. आपण आजवर कोणाच्या पदरी चाकरी केलेली नाही, शरीर थकले आहे, बायकामुले नाहीत, घर आणि घरातले सामान यांचा विचारही मनात येत नाही, मानधन किती असावे याविषयी आपले काही मागणे नाही, असे तो म्हणतो. युद्धाला जायची वेळ आली तर आपली शस्त्रे आणि एक जादा घोडा न्यायची सोय व्हावी, एवढीच त्याची अपेक्षा आहे. याच निवेदनात तो सांगतो की, तरुणपणापासून आपण सहा वेळा रणांगणावर गेलो आणि त्यांतल्या चार वेळा आपल्या पुढे एकही माणूस नव्हता. मागणे काही नाही, पण किंमत पुरेपूर ठाऊक आहे. हा माणूस नम्र नव्हता, आणि आपण नम्र असल्याचा आव आणण्याची गरजही त्याला वाटली नाही. होसोकावांनी त्याला सात माणसांचा शिधा आणि 300 कोकू तांदूळ ठरवून दिला. एक कोकू म्हणजे सुमारे 180 लिटर. त्याच काळात शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाला, तलवार शिकवणारे याग्यू मुनेनोरी 1636 मध्ये 10,000 कोकूंचे जहागीरदार झाले होते. दोघेही मोठे तलवारबाज होते आणि दोघांनीही ग्रंथ लिहिले. एक दरबारात वाढला आणि दुसरा वाटेवर.

कोरडेपणाविषयी म्हणाल, तर त्याने एकाहून अधिक मुलगे दत्तक घेतले आणि त्यांना चांगल्या सरदारांच्या पदरी लावले, ही गोष्ट विसरता येत नाही. स्वतःसाठी जी चाकरी त्याने मागितली नाही, ती मुलांसाठी मिळवली. मिकिनोसुके हा होंडा तादातोकी यांच्याकडे होता. 1626 मध्ये धनी वारल्यावर त्याने तेव्हाच्या प्रथेप्रमाणे पोट फाडून प्राण दिला. मृत्यूचे कौतुक न करणाऱ्या मुसाशीला हे कसे वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. इओरी कोकुऱ्याला ओगासावारा घराण्याचा प्रमुख कारभारी झाला. शिमाबाराचे शेतकरी 1637–38 मध्ये बंड करून उठले, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला मुसाशी सरकारी फौजेबरोबर तेथे होता. तटावरून बंडखोरांनी फेकलेला एक दगड नडगीवर बसून आपल्याला नीट उभेही राहवत नाही, असे त्याने एका सरदाराला पत्रात कळवले. साठ लढती जिंकलेला माणूस हे सहजपणे लिहितो, लपवत नाही, म्हणून ते पत्र मला प्रिय आहे.

आणि त्याची चित्रे पाहावीत. ‘आपण युद्धविद्येच्या तत्त्वानेच इतर कला साधल्या, कशातही आपल्याला गुरू नाही,’ असे तो लिहितो. शाईने काढलेले खाटीक पक्ष्याचे त्याचे एक चित्र जपानने महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून घोषित केले आहे. खालपासून वरपर्यंत न थांबता ओढलेली वाळक्या फांदीची एक रेघ आहे, टोकावर पक्षी निश्चल बसला आहे, आणि फांदीच्या मध्यावर एक अळी वर चढत निघाली आहे. पक्षी तिच्याकडे पाहतसुद्धा नाही. ज्याला सजीवांविषयी काही वाटत नाही, त्याच्या नजरेला ती अळी पडणार नाही.

माझे मत असे की, त्याने कडक नियम घातले ते स्वतःच्या इच्छांना. लढण्याच्या पद्धतीवर त्याने एकही बंधन मानले नाही. मृत्यूच्या आठवडाभर आधी त्याने ‘दोक्कोदो’, म्हणजे एकट्याने चालायची वाट, या मथळ्याखाली एकवीस नियम लिहिले. त्यांत शत्रूशी कसे वागावे यावर एक शब्द नाही. देहाचे सुख शोधू नये, हेवा करू नये, वियोगाचे दुःख करू नये, मन प्रेमाच्या ओढीला लावू नये, घराची हाव धरू नये, जिभेचे चोचले पुरवू नयेत, जुन्या मौल्यवान वस्तू गाठीला बांधू नयेत, गरजेपलीकडे शस्त्रांची हौस करू नये, म्हातारपणासाठी धन साठवू नये, देह टाकावा पण मान टाकू नये, असे ते सांगतात. मानाचा उल्लेख शेवटून दुसरा आहे, आणि त्याच्या आधीचे बहुतेक सगळे नियम एकेक ओझे खाली ठेवायला सांगणारे आहेत. वियोगाचे दुःख करू नये असे ज्याला लिहून ठेवावे लागते, त्याला ते दुःख झालेले असते, असे मी समजतो. म्हणून कोरडेपणा हा शब्द मी वापरणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलाने हे एकवीस नियम छापून खोलीत लावले आहेत. त्यातला सहावा नियम ‘आपण केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप करू नये’ असा आहे. चूक झाली तरी तो हाच नियम आम्हाला दाखवतो. मुसाशीला हेच म्हणायचे होते का? (एक आई, औरंगाबाद)

उत्तर : आपल्या मुलाला मुसाशीच्याच ग्रंथाची सुरुवात वाचायला द्यावी. 1643 मध्ये साठाव्या वर्षी कुमामोतोजवळच्या रेइगान्दो या गुहेत त्याने तो लिहायला घेतला. पहिल्याच पानांत तो आपले आयुष्य सांगतो : तेराव्या वर्षी आरिमा किहेइ, सोळाव्या वर्षी ताजिमा प्रांताचा आकियामा, मग राजधानी, मग साठांहून अधिक लढती. ही वये जपानी मोजणीची आहेत, तिच्यात जन्मताच एक वर्ष धरतात. आणि लगेच पुढे तो लिहितो की, तिशी उलटल्यावर मागे वळून पाहिले, तेव्हा आपण विद्या पूर्ण आत्मसात केली म्हणून जिंकलो नव्हतो, हे लक्षात आले. कदाचित अंगच्या उपजत कौशल्यामुळे, कदाचित दैवाने, कदाचित दुसऱ्या पंथांच्या उणिवांमुळे जिंकलो असू. त्यानंतर तो सकाळ-संध्याकाळ सराव आणि विचार करत राहिला आणि मर्म हाती आले ते पन्नाशीच्या सुमाराला.

म्हणजे ज्या विजयांमुळे जग त्याला ओळखते, ते विजय त्याने स्वतः तपासायला घेतले आणि अपुरे ठरवले. पश्चात्ताप म्हणजे झाल्या गोष्टीवर हळहळत बसणे, आणि तसे बसायचे नाही, हे त्याचे सांगणे होते. पण तपासणे त्याने सोडले नाही, आणि तेही हरल्यावर नव्हे, सतत जिंकत असताना. आपल्या मुलाला तो नियम भिंतीवर ठेवायचा असेल तर खुशाल ठेवू द्यावा, फक्त त्याच्या शेजारी ग्रंथातला तो तिशीचा परिच्छेदही लावायला सांगावे. हे नियम मुसाशीने तेराओ मागोनोजो या शिष्याला दिले, आणि ज्या ग्रंथात तो परिच्छेद आहे, तो ग्रंथही त्यालाच दिला.